लंगडी चाल

“आमच्या गिऱ्हाइकाची तक्रार अशी आहे,” लिलावघराचे मालक म्हणाले, “की आम्ही विकलेलं घड्याळ फार चांगलं चालतंय.”

भाऊजींनी तोंडाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला. “मग बिघडलं कुठं?”

“तेच तर बिघडलंय.”

वहिनींनी त्यांना बोलू दिलं. समोरचा माणूस घाबरलेला असला की त्याला मधे तोडायचं नाही, हा त्यांचा विमा कंपनीतल्या नोकरीपासूनचा शिरस्ता. खोटे दावे उघडे पाडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीतच स्वतःचं तपासाचं काम मांडलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, शाळेत भूगोल शिकवायचे. तेही निवृत्त झाल्यापासून वहिनींच्या मागे मागे असत. ते ‘वहिनी’ म्हणत, म्हणून अशील, वकील, पोलीस सगळेच वहिनी म्हणू लागले होते.

“पहिल्यापासून सांगा,” वहिनी म्हणाल्या.

मालकांनी सांगितलं. एका जहाजाच्या कप्तानांचं मनगटी घड्याळ. कप्तान वारले आणि मुलानं ते लिलावासाठी आणलं. यंत्राभोवती पोलादी पेटी, रोज चावी द्यावी लागणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. तबकडी मुळात काळी, पण समुद्रावरच्या उन्हात वर्षानुवर्षं भाजून तपकिरी झालेली. असल्या तबकडीसाठी शौकीन लोक जीव टाकतात. घड्याळ केव्हातरी डेकवर आपटलं होतं आणि तेव्हापासून त्याची चाल लंगडी झाली होती.

“लंगडी म्हणजे?” भाऊजींनी विचारलं.

मालकांनी बोटानं टेबलावर वाजवून दाखवलं. “धड घड्याळ असं वाजतं, एका मापात. आणि हे असं. टिकटिक... टिकटिक... एक पाय ओढत चालल्यासारखं. आमच्या पारख्यांनी कॅटलॉगमध्ये तसं स्पष्ट छापलं. आतल्या यंत्रावर कोरलेला क्रमांकसुद्धा छापला. मी म्हणत होतो, एवढं कशाला? तर म्हणाले, घेणाऱ्याला सगळं कळलं पाहिजे.”

“आणि घेणाऱ्याच्या घरी ते सरळ चालायला लागलं.”

“हो ना. दातांचे डॉक्टर आहेत ते. त्यांनी मागचं झाकण उघडून पाहिलं. तबकडी तीच, काटे तेच, पेटी तीच. आतलं यंत्र मात्र दुसरंच. क्रमांक जुळत नाही.” मालकांनी रुमालानं कपाळ पुसलं. “छापलंय एक आणि हातात दिलंय दुसरं, हे बाहेर फुटलं तर आमच्या दारात कोण उभं राहील?”

“तिजोरीची किल्ली कुणाकडे असते?”

“एक माझ्याकडे, एक पारख्यांकडे. पण त्यांच्यावर संशय घ्यायचा तर मी आधी स्वतःवर घेईन. मला विचाराल तर हा डॉक्टरच गडबड आहे. त्याच्याकडे तसल्या घड्याळांचा खण भरलाय. यंत्र स्वतःच बदललं असेल आणि आता सौदा मोडायला बघत असेल.”

“तसंच असणार,” भाऊजी लगेच म्हणाले. पहिला संशय नेहमी त्यांना पटत असे. दुसराही.

पारख्यांची खोली लिलावघराच्या माडीवर होती. मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर मखमली तबकात मांडलेली जुनी घड्याळं. प्रत्येकाची वेळ निराळी, सगळी बंद. पारखी साठीच्या पुढचे, सडसडीत. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डाव्या मनगटावर उन्हानं रापलेल्या कातडीत एक फिकट पट्टा उमटलेला होता.

“बसा ना. किती वाजले हो?” त्यांनी भाऊजींना विचारलं.

भाऊजी हसले. “घड्याळांच्या खोलीत बसून मला विचारताय?”

“ही सगळी मुकी आहेत,” ते म्हणाले आणि तेही थोडंसं हसले.

वहिनींनी घड्याळ कसं पारखतात ते विचारलं. त्या विषयावर ते मोकळे झाले. चकचकीत घड्याळाला लोक भुलतात, पण किंमत असते ती हात न लागलेल्याला. कुणी पेटी घासून गुळगुळीत केली, तबकडी नव्यानं रंगवली, की संपलं.

“म्हणजे कप्तानांच्या घड्याळात मोल कशाचं?”

“तबकडीचं. तशी तबकडी पुन्हा बघायला मिळायची नाही. यंत्राचं काय, त्या कारखान्यानं तसली ढिगानं बनवली. नाक्यावर माझं दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा कितीतरी हाताखालून गेली. पुढं लोकांनी घड्याळं दुरुस्त करणंच सोडलं, म्हणून इथं आलो.”

“कप्तानांच्या घरच्यांशी तुमची जुनी ओळख?”

“कप्तानांना मी कधी पाहिलंही नाही.”

“त्यांच्या घड्याळाची चाल सरळ करता आली नसती?”

“मला? अर्ध्या दिवसाचं काम. पण त्यांना ती तशीच हवी होती.” त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. “म्हणजे, विकणाऱ्यांना. शिवाय जुन्या वस्तूला उगाच हात लावू नये, हा आमचा नियमच आहे.”

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, “सज्जन माणूस.”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “तीच काळजी वाटते.”

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांना बसवलं आणि टेबलाचा खण उघडून दाखवला. घड्याळं खरोखरच एकाशेजारी एक झोपवलेली होती. कप्तानांचं मात्र त्यांच्या हातावर होतं. त्यांनी ते काढून वहिनींच्या कानाला लावलं. एकसारखी, समंजस टिकटिक.

“आतलं यंत्र कसं आहे? भंगार?” वहिनींनी विचारलं.

“भंगार? अहो, चोख आहे! नुकतंच साफ केलंय, तेल घातलंय, एका स्क्रूवर ओरखडा नाही. ज्यानं बसवलं त्याचा हात देवाचा.”

“मग तुमचं नुकसान काय झालं?”

डॉक्टरांनी घड्याळ परत हातावर बांधलं. “दिवसभर मी लोकांचे वाकडे दात सरळ करतो. माझी वस्तू तरी जशी होती तशी असू दे ना. जो माणूस ते घेऊन समुद्रावर हिंडला, त्याचंच यंत्र मला पाहिजे. मला पैसे परत नकोत. लंगडं यंत्र परत द्या.”

रस्त्यावर आल्यावर भाऊजींनी मान हलवली. “आपल्यावर संशय येऊ नये म्हणून गोड बोलतोय.”

“सौदा मोडायचा असता तर पैसे मागितले असते, भाऊजी. आणि ज्याच्या घरी खणभर घड्याळं आहेत, त्यानं मुद्दाम वेगळ्या क्रमांकाचं यंत्र घालून स्वतःच बोंब कशाला मारावी?”

“मग मुलगा.”

“चला, मुलाला भेटू.”

कप्तानांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडताच खोकी दिसली. भिंतींवर तसबिरींच्या जागी नुसते चौकोन राहिले होते. मुलगा चाळिशीतला, दमलेला. परदेशात नोकरी करत होता आणि घर आवरून आईला कायमचं घेऊन जाणार होता.

“पुढच्या आठवड्यात निघतोय आम्ही. घड्याळ मी ठेवणार होतो खरं तर. पण आईच म्हणाली, विकून टाक, घरात नको. चाल लंगडी वगैरे मला काही माहीत नव्हतं. कॅटलॉगमध्ये वाचलं तेव्हा कळलं.”

“मग लिलावघरात घड्याळाबद्दल सूचना कुणी दिल्या?”

“सूचना कसल्या? मी घड्याळ दिलं, पावती घेतली.”

आई आतून पाणी घेऊन आल्या. बारीक चणीच्या, केस पांढरे, चेहरा शांत. वहिनींची नजर कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेली. त्यावर भिंतीवरचं एक घड्याळ पालथं पडलं होतं आणि त्याचा सेल काढून ठेवलेला होता.

मुलाला ते दिसलं. “बाबा गेले त्याच दिवशी आईनं काढला तो. टिकटिक नको म्हणते. हल्ली उजाडून गेलं तरी झोपलेली असते. पूर्वी डोळ्याला डोळा नसायचा तिच्या.”

“बाबांचं घड्याळ बिघडलं की दुरुस्तीला कोण न्यायचं?”

“आईच. बाबा शेवटची कितीतरी वर्षं अंथरुणावर होते. घड्याळ सारखं मागे पडायचं, मग ही दुकानात घेऊन जायची. कुठलं दुकान ते मला नाही सांगता यायचं.”

“विक्रीच्या आधी लिलावघरात वस्तू बघायला ठेवतात. तेव्हा तुम्ही गेला होतात?”

“आई म्हणाली, एकदा बघून येऊ. मला मधेच फोन आला, मी बाहेर गेलो. परत आलो तर ही पारख्यांच्या खोलीत बसलेली, घड्याळ कानाला लावलेलं, डोळे भरलेले. मलाच कसंतरी झालं.”

आई एकदम म्हणाल्या, “त्या यंत्रावरून कुणाला त्रास होणार आहे का?”

“ज्यानं बदललं त्याला होईल,” वहिनी म्हणाल्या.

आई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. वहिनीही पाणी प्यायलेला पेला ठेवायला म्हणून मागोमाग गेल्या. आत त्या काय बोलल्या ते भाऊजींना ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारख्यांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मालक, डॉक्टर, मुलगा आणि त्याची आई बसले. भाऊजी दाराशी उभे राहिले. पारखी आपल्या टेबलामागे होते, हात मांडीवर.

“चोरीत पहिल्यांदा बघायचं असतं की काय नेलं नाही,” वहिनींनी सुरुवात केली. “तबकडी अनमोल. ती जागच्या जागी. नेलं ते यंत्र, ज्याला सगळ्यांत कमी भाव. म्हणजे हे पैशासाठी झालेलं नाही. आणि नेलेल्या जागी काय ठेवलं? नेलं त्याहून चांगलं. साफ केलेलं, तेल घातलेलं. घेणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून ज्याचा जीव तुटत होता, अशा माणसानं हे केलंय. अशी चोरी करणारा चोर मी आजवर पाहिला नव्हता.”

डॉक्टरांनी नकळत मनगटावर हात ठेवला.

“यंत्राचा क्रमांक छापायचा हट्ट पारख्यांचा. बदलायचं आधीच मनात असतं तर क्रमांक कोण छापेल? म्हणून मालकांना त्यांच्यावर संशय घ्यावासा वाटेना. पण त्याचा अर्थ एवढाच की ते कॅटलॉग छापून झाल्यावर ठरलं. त्यानंतर घड्याळ तिजोरीत आणि या खोलीत, दोनच ठिकाणी होतं. त्या दिवसांत वेगळं असं एकच घडलं. या बाई इथं आल्या आणि त्यांनी घड्याळ कानाला लावलं.”

मुलानं आईकडे पाहिलं.

“मी पारख्यांना विचारलं, घरच्यांशी ओळख होती का? ते म्हणाले, कप्तानांना कधी पाहिलं नाही. खरंच सांगितलं त्यांनी. मी घराबद्दल विचारलं होतं, उत्तर फक्त कप्तानांबद्दल आलं. मग मी चालीबद्दल विचारलं. म्हणाले, ‘त्यांना ती तशीच हवी होती.’ कुणाला? कप्तानांना ते भेटलेच नव्हते. मग सावरून म्हणाले, विकणाऱ्यांना. पण विकणाऱ्या मुलाला चाल लंगडी आहे हेच ठाऊक नव्हतं. राहिलं एकच माणूस, जे घड्याळ घेऊन नाक्यावरच्या यांच्या दुकानात जायचं.”

“पण वहिनी,” भाऊजींनी दारातून विचारलं, “ते दुसरं यंत्र आलं कुठून?”

“तुम्हाला त्यांनी वेळ विचारली, भाऊजी. आयुष्यभर घड्याळांत राहिलेला माणूस, मनगटावर पट्ट्याची खूण आणि घड्याळ नाही. त्यांनी स्वतःच्या हातातल्या, त्याच कारखान्याच्या घड्याळाचं यंत्र कप्तानांच्या पेटीत घातलं. कप्तानांचं यंत्र स्वतःच्या पेटीत बसवलं. आणि ते घड्याळ नेऊन यांच्या हातात ठेवलं.”

मालक अर्धवट उठले. “अहो, नाही म्हणा ना!”

पारखी शांतपणे म्हणाले, “नाही कसं म्हणू? वहिनी म्हणतात तसंच आहे. त्या दिवशी या इथं बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘आता हा आवाज घरात नसणार.’ डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, तबकडी नेणाऱ्याला तबकडी मिळेल, आवाज ज्यांचा आहे त्यांना राहू दे. चूक होती. माझ्या सहीखाली छापलेलं मीच खोटं केलं.”

कप्तानांच्या पत्नींनी पर्स उघडली. आतून एक लोकरीचा मोजा काढला, मोज्यातून रुमालाची घडी, घडीतून घड्याळ. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. ते बंद होतं.

वहिनींना इथं थांबता आलं असतं. गुन्हा उलगडला होता, वस्तू समोर आली होती. पण कोपऱ्यातलं ते सेल काढलेलं घड्याळ आदल्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात घोळत होतं, आणि अर्धवट सुटलेलं कोडं त्यांना कधीच सोसत नसे.

“तुम्ही याला एकदाही चावी दिली नाहीत?” त्यांनी विचारलं.

प्रश्न तोंडातून गेला आणि पारख्यांचा चेहरा पाहून त्यांना तो परत घ्यावासा वाटला.

बाईंनी रुमालाची घडी घातली. मग पारख्यांकडे बघून म्हणाल्या, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. शेवटची वर्षं त्यांचा हात थरथरायचा, चावी मीच द्यायची. घड्याळ त्यांच्या उशाशी. रात्रभर ते ऐकत पडायचं. त्यांचा श्वासही पुढे पुढे तसाच झाला होता, ओढत ओढत चालणारा. एक थांबलं तर दुसरं थांबेल, असं वाटायचं मला. ते गेले तेव्हा मी चावी द्यायची बंद केली आणि झोपले. त्या दिवशी इथं तुम्ही ते चालू करून ठेवलं होतंत. मी म्हणाले, आता हा आवाज घरात नसणार. ते पाणी सुटकेचं होतं हो.”

त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला.

“मग एक दिवस तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात. एवढ्या आनंदानं हे हातात ठेवलंत. मी काय म्हणणार होते?”

पारखी बंद घड्याळाकडे बघत म्हणाले, “पण दुकानात मी दर वेळी विचारायचो, चाल सरळ करून देऊ का? तुम्ही दर वेळी नको म्हणायचात.”

बाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं. मग टेबलाकडे.

“सरळ झालं असतं तर ते मागे कसं पडलं असतं?” त्या म्हणाल्या. “मग तुमच्या दुकानात यायला मला कारण काय राहिलं असतं?”

मुलगा उठून खिडकीशी गेला आणि खाली रस्त्यावर बघत उभा राहिला. मालकांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

“अर्धा तास तिथल्या स्टुलावर बसायला मिळायचं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही कामात असायचात. कुणी हाका मारायचं नाही. एवढंच.”

“मला वाटायचं, तुम्हाला घाई असते,” पारखी म्हणाले. “म्हणून मी लवकर आटपायचो.”

त्यानंतर त्यांनी दिवा जवळ ओढला, डॉक्टरांकडून कप्तानांचं घड्याळ मागून घेतलं आणि दोन्ही घड्याळांची झाकणं उघडली. यंत्रं आपापल्या पेटीत गेली. कप्तानांच्या घड्याळाला त्यांनी चावी दिली नाही. ते बंदच डॉक्टरांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “घरी गेल्यावर चालू करा.”

डॉक्टरांनी मान डोलावली. “माझी काही तक्रार नाही,” ते मालकांना म्हणाले. “कधी नव्हती असं समजा.”

पण मालकांना तसं समजता येईना, आणि पारख्यांनाही. दोन वाक्यांचा राजीनामा त्यांनी तिथंच लिहिला. मालकांनी तो वाचला नाही, नुसता खिशात ठेवला, आणि बाहेर जाताना त्यांचे डोळे लाल दिसले.

टेबलावर आता पारख्यांचं स्वतःचं घड्याळ उरलं होतं, सरळ चालणारं. भाऊजींना आतून वाटत होतं की पारखी ते उचलून बाईंच्या हातात देतील. पारख्यांनी ते उचललं, क्षणभर हातात धरलं आणि स्वतःच्या मनगटावर बांधलं, त्या फिकट पट्ट्यावर. पुन्हा चुकीचं काही द्यायची त्यांची हिंमत नव्हती. बाई बघत होत्या. त्यांनीही मागितलं नाही.

जिन्यावरून मुलाची हाक आली. “आई, गाडी थांबलीय.”

वहिनी बाईंना हात द्यायला पुढे झाल्या. त्यांना माफी मागायची होती, पण कशाची मागावी हे नेमकं सुचेना. खरं तेच तर त्यांनी शोधून काढलं होतं.

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. पारखी उभे राहिले होते.

“बरं, ये...” त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. कुणाकडूनही उठताना आपण ‘येते’ म्हणतो. जाते म्हणत नाही. इतक्या वर्षांत दुकानाच्या पायरीवरून त्यांनीही तेच म्हटलं असणार.

“निघते,” त्या म्हणाल्या.